आडनावाच्या रकान्यात गटाचे नाव: रेडमाइनच्या ‘युजर्स’ टेबलाचा प्रकरण अभ्यास

एका कार्यालयात चालणाऱ्या रेडमाइन या प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीचा सुरक्षा आढावा घेताना मला एक साधा अहवाल तयार करायचा होता: प्रणालीत प्रवेश असलेली माणसे किती, त्यांची नावे काय, आणि त्यांपैकी कोणावर लॉगइनच्या वेळी दुसरी पडताळणी, म्हणजे टू-फॅक्टर, सक्तीची आहे. ही माहिती रेडमाइनच्या पडद्यांवरून एकेक करून जमवता आली असती. पण डेटाबेस थेट वाचण्याची परवानगी होती आणि ‘युजर्स’ नावाचे टेबल समोर दिसत होते, म्हणून मी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत एक छोटी क्वेरी, म्हणजे विचारणा, लिहिली आणि तिचे उत्तर जसेच्या तसे तक्त्यात उतरवले. अहवालात तीन चुका निघाल्या. माणसांची संख्या प्रत्यक्षापेक्षा जास्त आली. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘चाचणी विभाग’ नावाचे एक गृहस्थ सापडले, ज्यांचे पहिले नाव कोरे होते. आणि टू-फॅक्टरच्या सक्तीचा रकाना एकाही माणसासमोर ‘होय’ म्हणत नव्हता, वास्तविक त्या कार्यालयातले कितीतरी लोक रोज मोबाइलवरचा सहा अंकी आकडा टाकल्याशिवाय आत येऊ शकत नव्हते.

चुका माझ्याच होत्या. टेबलाचे नाव वाचून त्यात काय असेल हे मी गृहीत धरले होते. पण तिन्ही चुकांचे मूळ शोधताना जे हाती लागले ते माझ्या निष्काळजीपणापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. प्रश्न असा: अनेक क्लासच्या, म्हणजे कोडमध्ये आखलेल्या प्रकारांच्या, नोंदी एकाच टेबलात राहतात तेव्हा एखादा गुणधर्म त्यांपैकी एकाच सबक्लासचा, म्हणजे उपप्रकाराचा, आहे हे कोण सांगते, कोठे सांगते, आणि ते सांगणे कोणाला ऐकू येते?

टेबलात कोण कोण राहते

रेडमाइन ही रुबी भाषेतल्या ‘रुबी ऑन रेल्स’ (पुढे नुसते ‘रेल्स’) या वेब-चौकटीवर लिहिलेली, २००६ पासून चालत आलेली ओपन सोर्स प्रकल्प-व्यवस्थापन प्रणाली आहे. तिच्या ‘युजर्स’ टेबलाचा खरा मालक ‘युजर’ हा क्लास नसून ‘प्रिन्सिपल’ हा त्याचा मूळ क्लास आहे. त्याच्या खाली दोन फांद्या आहेत. एका फांदीवर ‘युजर’ आणि त्याचा सबक्लास ‘अ‍ॅनॉनिमसयुजर’, म्हणजे लॉगइन न करता पाने पाहणारा अनामिक पाहुणा. दुसऱ्या फांदीवर ‘ग्रुप’ आणि त्याखाली प्रणालीने स्वतःच निर्माण केलेले दोन गट, एक अनामिकांचा आणि दुसरा प्रकल्पाचे सदस्य नसलेल्यांचा. हे सगळे एकाच टेबलात बसतात आणि ‘टाइप’ या कॉलमात क्लासचे नाव लिहिलेले असल्यामुळे ओळखू येतात. यालाच सिंगल टेबल इन्हेरिटन्स म्हणतात.

माझी पहिली चूक यावरून उलगडते. रेडमाइन नव्याने बसवले आणि त्यात प्रशासकाशिवाय कोणीही नसले, तरी दोन अंगभूत गटांच्या दोन नोंदी टेबलात असतातच, आणि कोणीतरी लॉगइनविना पहिल्यांदा पान उघडले की अनामिक पाहुण्याची चौथी नोंद तयार होते. माणूस एक आणि नोंदी चार. बरे, एसक्यूएल सोडून रुबीच्या कन्सोलवर ‘युजर’ क्लासला संख्या विचारली तरी उत्तर एक येत नाही, दोन येते, कारण रेल्स मूळ क्लासची क्वेरी करताना त्याच्या सबक्लासनाही त्यात धरते आणि अनामिक पाहुणा हा ‘युजर’चाच सबक्लास आहे. रेडमाइनच्या लेखकांना हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी ‘स्टेटस’ या कॉलमात अनामिकासाठी शून्य ही वेगळी किंमत राखून ठेवली आहे आणि खरी माणसे हवी असतील तेथे त्या किमतीच्या नोंदी वगळणारा स्कोप, म्हणजे तयार गाळणी, वापरला आहे. म्हणजे ‘ही नोंद अनामिकाची आहे’ ही एकच गोष्ट दोन कॉलमांत दोनदा लिहिलेली असते. त्या दोन विधानांत मेळ राहील याची हमी टेबल देत नाही.

हे सगळे एका टेबलात का घातले, असा प्रश्न येथे येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर पुरेसे सबळ आहे. रेडमाइनमध्ये प्रकल्पाचा सदस्य माणूस असू शकतो तसा गटही असू शकतो; काम माणसाकडे सोपवता येते तसे, सेटिंग चालू असेल तर, गटाकडेही सोपवता येते. सदस्यत्वाच्या टेबलातला ‘युजर आयडी’ हा कॉलम त्यामुळे दोघांपैकी कोणाकडेही बोट दाखवतो, आणि दोघांचे आयडी एकाच क्रमातून निघत असल्यामुळे ते बोट कधी संदिग्ध होत नाही. गट ही सोय २०१० च्या सुरुवातीस आलेल्या ०.९ या आवृत्तीत दाखल झाली. तोपर्यंत ‘युजर आयडी’ हा कॉलम प्रणालीभर पसरलेला होता. अशा वेळी गटांना त्याच टेबलात जागा देणे हा सर्वांत कमी मोडतोडीचा मार्ग होता, आणि मी त्या जागी असतो तर बहुधा हेच केले असते.

उसना घेतलेला कॉलम

गटाला माणसासारखे पहिले नाव आणि आडनाव नसते. त्याला एकच नाव असते. वेगळा कॉलम काढण्याऐवजी रेडमाइनने ते नाव ‘लास्टनेम’ या कॉलमात ठेवले. ‘ग्रुप’ क्लासमध्ये ‘नेम’ नावाची मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, आहे जी लास्टनेम वाचून देते, आणि नाव लिहिणारी मेथड तेथेच लिहिते. रुबीच्या बाजूने पाहणाऱ्याला हे व्यवस्थित दिसते. डेटाबेसच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र ‘चाचणी विभाग’ हे आडनाव दिसते. आजच्या रेडमाइनमध्ये पहिल्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि आडनावाला २५५ अक्षरांची. इतकी लांब आडनावे मराठीतही नाहीत. ही रुंदी गटांच्या नावांसाठी उपयोगाची आहे हे त्या दोन आकड्यांकडे एकदा पाहिले की कळते.

सिंगल टेबल इन्हेरिटन्सवर चर्चा होते तेव्हा बहुतेकांना काळजी असते ती रिकाम्या कॉलमांची: गटाच्या नोंदीत पासवर्डचा कॉलम फुकट पडून राहतो, जागा वाया जाते. माझ्या मते ही काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ या खुणेला, नोंदीच्या शीर्षभागातल्या नकाशात एक बिट लागतो, त्याखेरीज काही नाही. जागेचा प्रश्न क्वचितच खरा असतो. अर्थाचा प्रश्न खरा असतो, आणि तो दोन प्रकारे येतो. एखादा कॉलम एकाच सबक्लासचा असून सगळ्यांना दिसतो, हा पहिला प्रकार; एकच कॉलम दोन सबक्लास दोन अर्थांनी वापरतात, हा दुसरा. पहिल्या प्रकाराला कुंपण घालता येते. दुसऱ्याला घालता येत नाही, कारण दोघेही आपापल्या हक्कानेच आत आलेले असतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माझ्या तिसऱ्या चुकीचा कॉलम. ‘युजर्स’ टेबलात ‘टूएफए रिक्वायर्ड’ असा होय-नाहीचा कॉलम आहे. टेबलाचे नाव आणि कॉलमाचे नाव एकत्र वाचले तर अर्थ उघड वाटतो: या माणसावर टू-फॅक्टर सक्तीचे आहे की नाही. प्रत्यक्षात हा कॉलम गटांसाठी आहे. प्रशासक एखाद्या गटाच्या पानावर ही खूण करतो. माणसावर सक्ती आहे का हे ठरवताना ‘युजर’ क्लास एकंदर सेटिंग पाहतो, तो प्रशासक आहे का ते पाहतो, आणि त्याच्या गटांपैकी कोणत्याही गटावर ही खूण आहे का ते पाहतो. माणसाच्या स्वतःच्या नोंदीतला हा कॉलम त्या हिशेबात धरलाच जात नाही. तेथे कोणी हाताने ‘होय’ लिहिले तरी काही घडत नाही. माझ्या अहवालात सर्व माणसांसमोर ‘नाही’ आले ते यामुळे. आणि सुरक्षा आढाव्यात ‘कोणावरही सक्ती नाही’ असे लिहून जाणे ही किरकोळ चूक नव्हे.

क्लासच्या पातळीवरची कुंपणे

रेडमाइनमध्ये गुणधर्म सबक्लासपुरते मर्यादित ठेवण्याचे प्रयत्न तीन ठिकाणी दिसतात, आणि प्रत्येक प्रयत्न वेगळ्या दारावर उभा आहे.

पहिले दार फॉर्मचे. रेडमाइनमध्ये ‘सेफ अ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची स्वतःची व्यवस्था आहे. प्रत्येक क्लास आपल्याला बाहेरून आलेले कोणते गुणधर्म स्वीकारायचे आहेत याची यादी जाहीर करतो, आणि त्या यादीला अटही जोडता येते. ‘ग्रुप’च्या यादीत नाव, सदस्यांचे आयडी आणि टू-फॅक्टरची खूण येते, लॉगइन येत नाही. ब्राउझरमधून कोणी गटाच्या फॉर्मात लॉगइनचे क्षेत्र घुसडून पाठवले तर ते गाळले जाईल. फॉर्मच्या दारावर हा पहारा उत्तम आहे, आणि बहुतेक डेटा त्याच दाराने येत असल्यामुळे तो पुरेसा असल्याचा भासही होतो. पण प्लगइनचा कोड, कन्सोलवर बसलेला प्रशासक, डेटा आयात करणारी स्क्रिप्ट यांना ते दार लागतच नाही. गटाचा ऑब्जेक्ट तयार करून त्याच्या लॉगइनमध्ये सरळ काही लिहिले, तर अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड (रेल्समधली डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) ते आनंदाने स्वीकारते, कारण तिच्या दृष्टीने टेबलात कॉलम आहे म्हणजे गुणधर्म आहे.

दुसरे दार वाचण्याचे. ‘अ‍ॅनॉनिमसयुजर’ क्लासमध्ये काही गुणधर्म मेथड नव्याने लिहून बोथट केले आहेत: ईमेल विचारला तर नल, ईमेल लिहायला गेले तर काहीच नाही, टाइमझोन विचारला तर नल, प्रशासक आहे का विचारले तर नाही, नाव विचारले तर भाषेनुसार ‘अनामिक’ या अर्थाचा शब्द. हा मार्ग मला आवडतो, कारण तो कोणावर ओरडत नाही. ज्या पानाला कोणता वापरकर्ता आहे याची फिकीर नाही त्याला तो निमूट निरुपद्रवी उत्तर देतो.

अनेक जण याहून कडक मार्ग सुचवतात: सबक्लासमध्ये ती मेथडच काढून टाका, किंवा तिने त्रुटी फेकावी अशी व्यवस्था करा. हे दोन्ही करून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांच्या अपयशातून रेल्सचे अंतरंग कळते. अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड कॉलमांच्या मेथड क्लास वाचला जातो तेव्हा तयार करत नाही, पुढे गरज पडेल तेव्हा करते. त्यामुळे क्लासच्या अंगात मेथड काढून टाकण्याची आज्ञा लिहिली तर ‘अशी मेथडच नाही’ म्हणून क्लास लोड होतानाच त्रुटी येते. मेथड नव्याने लिहून तिच्यातून त्रुटी फेकली तर ती चालते, पण मग त्या ऑब्जेक्टचे जेसन हे मजकूर-रूप बनवताना, म्हणजे सगळे गुणधर्म एकेक करून विचारले जातात तेव्हा, तीच त्रुटी फुटते. आणि यानेही चौकटी कंसातून थेट गुणधर्म वाचणाऱ्याला किंवा सर्व गुणधर्मांची यादी मागणाऱ्याला अडवले जात नाही. रेल्स ५ पासून काही कॉलम दुर्लक्षित म्हणून जाहीर करण्याची सोय आहे आणि तिचा या कामासाठी वापर करावा असेही सुचवले जाते. परंतु ती सोय कॉलम सुरक्षितपणे काढून टाकण्याच्या काळातला पूल म्हणून केलेली आहे, तिच्यावर कायमचे घर बांधणे मला पटत नाही.

तिसरे दार साठवण्याचे, म्हणजे व्हॅलिडेशनचे (नोंद लिहिण्याआधीच्या तपासणीचे). ‘युजर’मध्ये लॉगइन, नाव आणि आडनाव असलेच पाहिजे असा नियम आहे, आणि लगेच त्याला अपवाद आहे: नोंद अनामिकाची असेल तर नको. सबक्लासला लागू नसलेला नियम मूळ क्लासमध्ये लिहून सबक्लासचे नाव घेऊन तो सोडवणे, ही वारशाच्या रचनेतली नेहमीची कुरूपता आहे. उलट दिशेचा नियम, म्हणजे ‘गटाला लॉगइन नसलेच पाहिजे’, रेल्स ४ पासून मिळालेल्या ‘अ‍ॅब्सेन्स’ व्हॅलिडेशनने एका ओळीत लिहिता येतो. सबक्लासपुरता गुणधर्म राखण्यासाठी क्लासच्या पातळीवर एकच ओळ लिहायची असेल तर मी ही लिहीन. मात्र ‘अपडेट ऑल’, ‘अपडेट कॉलम’ आणि रेल्स ६ मध्ये आलेले ‘इन्सर्ट ऑल’ व्हॅलिडेशन टाळून जातात, आणि माझ्यासारखा एसक्यूएल घेऊन आलेला माणूस तर यांपैकी कोणत्याच दाराने येत नाही.

डेटाबेस हाताळण्यासाठी जावामधील हायबरनेट किंवा पायथनमधील एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी वापरणाऱ्या वाचकांना हे सगळे विचित्र वाटेल, आणि त्यात तथ्य आहे. तेथे गुणधर्म टेबलावरून काढले जात नाहीत, क्लासमध्ये लिहिले जातात. सबक्लासमध्ये लिहिलेला कॉलम टेबलात सर्वांसाठी तयार होतो, पण त्याचा गुणधर्म त्या सबक्लासलाच मिळतो. जावामध्ये गटाचे लॉगइन मागणारा कोड कंपाइलच होणार नाही. वाचण्याच्या दारापुरती ही रचना रेल्सपेक्षा निःसंशय सरस आहे. टेबल मात्र तसेच भोळे राहते: सबक्लासचा कॉलम नल स्वीकारणाराच ठेवावा लागतो, आणि अहवालाची क्वेरी तेथेही तितकीच फसू शकते.

कोऱ्या स्ट्रिंगचा प्रश्न

डेटाबेसच्या पातळीवर काही करण्याआधी एक अडसर समजून घ्यावा लागतो. ‘युजर्स’ टेबलातले लॉगइन, पासवर्डचा हॅश (त्याचे उलट न फिरवता येणारे रूप), नाव आणि आडनाव हे कॉलम नल स्वीकारत नाहीत; त्यांची मूळ किंमत कोरी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, आहे. टेबलात फक्त माणसे होती तेव्हा हे योग्यच होते. गट आल्यावर मात्र गटाला लॉगइन ‘लागू नाही’ हे म्हणायला शब्दच उरला नाही. ‘प्रिन्सिपल’ क्लासमध्ये नवी नोंद साठवण्याआधी धावणारी एक छोटी मेथड आहे, जी या चार कॉलमांत काही नसेल तर कोरी स्ट्रिंग भरते, नाहीतर डेटाबेस नोंद नाकारेल. त्यामुळे प्रत्येक गटाचे लॉगइन म्हणजे कोरी स्ट्रिंग, अनामिकाचेही तेच.

याचा एक परिणाम लगेच लक्षात येत नाही. लॉगइन अद्वितीय असावे असा साधा युनिक इंडेक्स या टेबलावर बसूच शकत नाही; दुसरी कोरी स्ट्रिंग आली की तो मोडेल. रेल्सचे अद्वितीयतेचे व्हॅलिडेशन आधी शोधते आणि मग लिहिते, म्हणून एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या त्यातून निसटू शकतात, आणि ही फट फक्त डेटाबेसचा इंडेक्स बुजवतो. गटांच्या लॉगइनमध्ये नल असता तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांनी कितीही नल चालवून घेतले असते. एसक्यूएल सर्व्हरने मात्र एकच नल चालवून घेतला असता आणि दुसऱ्या गटाला अडवले असते. तेथे अट घातलेला फिल्टर्ड इंडेक्स लागतो. रेडमाइन या चारही डेटाबेसवर चालते. एकट्या पोस्टग्रेसच्या जोरावर ‘हे असे करायला हवे होते’ म्हणणारा माझ्यासारखा टीकाकार ही गोष्ट सहज विसरतो.

त्याच टेबलाच्या इतिहासात एका गुणधर्माची सुटका झालेली दिसते. पूर्वी ईमेलही याच टेबलात होता. २०१५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीत एका माणसाला अनेक ईमेल पत्ते देता यावेत म्हणून ते वेगळ्या टेबलात गेले आणि ‘युजर्स’मधला कॉलम काढला गेला. हेतू वेगळा होता, तरी त्यातून गटांना न लागणारा एक कॉलम गटांच्या नोंदींतून आपोआप गेला. ज्या सबक्लासचा गुणधर्म आहे त्याच्यापुरते वेगळे टेबल करणे हे सर्वांत स्वच्छ बंधन असते, कारण तेथे नियम पाळण्याचा प्रश्नच येत नाही. लिहायला जागाच नसते.

प्रतीवर केलेला प्रयोग

त्या कार्यालयातला डेटाबेस पोस्टग्रेस होता. त्याची एक प्रत घेऊन मी टेबलावर चेक बंधने, म्हणजे प्रत्येक नोंदीने पाळायच्या अटी, घालून पाहिली. पहिले: नोंद युजर किंवा अनामिक युजर असेल, नाहीतर लॉगइन आणि पासवर्डचा हॅश कोरे असले पाहिजेत. दुसरे: टाइप ‘ग्रुप’ या शब्दाने सुरू होत असेल, नाहीतर टू-फॅक्टरच्या सक्तीची खूण ‘होय’ असता कामा नये.

पहिल्या प्रयत्नात मी एका सापळ्यात पाय घातला. एसक्यूएलमध्ये चेक बंधन ‘खोटे’ ठरले तरच नोंद नाकारली जाते. ‘अज्ञात’ ठरले तर ती आत घेतली जाते. टाइपच्या कॉलमात नल असेल तर ‘टाइप युजर आहे का’ याचे उत्तर अज्ञात, आणि ‘अज्ञात किंवा खोटे’ याचेही उत्तर अज्ञात. म्हणजे टाइप रिकामा ठेवलेली, लॉगइन भरलेली नोंद माझ्या बंधनातून अलगद आत आली. ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. रेल्समध्ये मूळ क्लासची नोंद साठवली तर टाइप नलच राहतो, आणि रेडमाइनमध्ये जेव्हा ‘युजर’ हाच मूळ क्लास होता तेव्हा सगळ्या साध्या माणसांच्या नोंदी तशाच होत्या. ‘प्रिन्सिपल’ वर आला तेव्हा रिकाम्या टाइपमध्ये ‘युजर’ भरणारे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना किंवा नोंदी बदलणारी स्क्रिप्ट, लिहावे लागले. टाइपचा कॉलम आजही नल स्वीकारतो. म्हणून अशा टेबलावर कोणतेही चेक बंधन घालण्याआधी टाइपला नॉट नल करणे हे पहिले पाऊल आहे, आणि ते विसरले तर पुढची सगळी बंधने देखाव्यापुरती उरतात.

बंधने घालण्याची रीतही सांगायला हवी. चालू टेबलावर चेक बंधन थेट घातले तर पोस्टग्रेस सगळ्या जुन्या नोंदी तपासेपर्यंत टेबल अडवून ठेवते. ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घातले तर ते नव्या लिखाणाला तत्काळ लागू होते आणि जुन्या नोंदींची तपासणी नंतर, लिखाण न अडवता, वेगळ्या आज्ञेने करता येते. त्याआधी नियम मोडणाऱ्या जुन्या नोंदी साध्या क्वेरीने मोजून घ्याव्यात. मायएसक्यूएलवर हे करणाऱ्याने आवृत्ती आधी पाहावी: ८.०.१६ पूर्वीचे मायएसक्यूएल चेक बंधन वाचते, कुरकुर करत नाही, आणि ते पाळतही नाही.

प्रतीवर रेडमाइन चालवले. गट तयार झाले, माणसे तयार झाली, काही बिघडले नाही. तरीही प्रत्यक्ष डेटाबेसवर ही बंधने घालायची नाहीत असे मी ठरवले. हा निर्णय मला सोपा गेला नाही.

टेबल रेडमाइनचे आहे, माझे नाही. पुढच्या आवृत्तीचे मायग्रेशन त्यातला एखादा कॉलम हलवू शकते, जसा ईमेल हलवला. पोस्टग्रेसमध्ये कॉलम काढला की त्याचा उल्लेख असलेले चेक बंधनही मुकाट्याने निघून जाते. म्हणजे पहारा उठला आहे हे कोणाला कळणारही नाही, आणि त्याच्या भरवशावर राहिलेले आम्ही निश्चिंत. मायएसक्यूएलमध्ये याच्या उलट, अशा एकाहून अधिक कॉलमांच्या बंधनात वापरलेला कॉलम काढू दिला जात नाही, आणि तेथे टेबल बदलणाऱ्या आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येत नसल्यामुळे अपग्रेड अर्ध्यावर अडकू शकते. शिवाय एखाद्या प्लगइनने ‘प्रिन्सिपल’चा नवा सबक्लास आणला तर माझ्या बंधनाला तो अपरिचित असेल. ज्या टेबलाची मायग्रेशन आपण लिहितो त्यावर चेक बंधन घालणे मी आज अनिवार्य मानतो; रेल्स ६.१ पासून त्यासाठी मायग्रेशनमध्ये थेट सोय आहे, एसक्यूएल हाताने लिहावे लागत नाही. ज्या टेबलाचे आपण भाडेकरू आहोत त्याच्या भिंतीत खिळे ठोकण्याआधी मात्र घरमालकाचा विचार करावा लागतो.

आज नव्याने रचना करायची तर ती कशी असावी, हेही कागदावर मांडून पाहिले. आयडी आणि टाइप एवढेच असलेले एक सामाईक टेबल, त्यातल्या आयडी व टाइप या जोडीवर युनिक बंधन, माणसांचे वेगळे टेबल, ज्यात टाइप कायम ‘युजर’च राहील असे चेक आणि त्या जोडीवर फॉरेन की (सामाईक टेबलातल्या नोंदीशी बांधणारा दुवा), गटांचे तसेच आणखी एक. यात गटाला लॉगइन देणे अशक्य, माणसाला गटाची खूण देणे अशक्य, आणि सदस्यत्वाचा आयडी पूर्वीसारखाच दोघांकडे बोट दाखवू शकतो. रेल्स ६.१ मधील ‘डेलिगेटेड टाइप’ याच आकाराच्या जवळ जाते, मात्र टाइपच्या जोडीची फॉरेन की ते आपणहून देत नाही. रेडमाइनने गट आणले तेव्हा ही सोय नव्हती, आणि आता बदल करायचा तर ‘युजर्स’ टेबलाचे नाव घेऊन एसक्यूएल लिहिणारे प्रत्येक प्लगइन मोडेल.

शेवटी केले ते असे

प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये वेगळ्या स्कीमात, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, दोन व्ह्यू (साठवलेल्या क्वेरीवर उभी असलेली आभासी टेबले) तयार केले. ‘माणसे’ या व्ह्यूमध्ये टाइप नेमका ‘युजर’ असलेल्याच नोंदी येतात; त्यात टू-फॅक्टरच्या सक्तीचा कॉलम मुळातच घेतलेला नाही. त्याऐवजी माणसाच्या गटांमधून काढलेले उत्तर आहे, आणि त्याच्या शेजारी त्याने टू-फॅक्टर खरोखर सुरू केले आहे का हे सांगणारा वेगळा कॉलम आहे, कारण सक्ती आणि अंमल या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या की पुढच्या आढाव्यात पुन्हा कोणीतरी फसेल. ‘गट’ या व्ह्यूमध्ये लास्टनेमला ‘गटाचे नाव’ म्हटले आहे आणि खूण तेथे, तिच्या हक्काच्या जागी, दिसते. अहवालाच्या खात्याला मूळ टेबल वाचण्याचा हक्क काढून या दोन व्ह्यूंचाच दिला. व्ह्यू आपल्या मालकाच्या हक्काने मूळ टेबल वाचत असल्यामुळे एवढे पुरते.

प्रतीवरच्या बंधनांचे मी रोज रात्री धावणाऱ्या क्वेरीत रूपांतर केले. लॉगइन असलेला गट, सक्तीची खूण असलेला माणूस, टाइप नसलेली नोंद, आणि स्टेटस शून्य असूनही अनामिक नसलेली किंवा अनामिक असूनही शून्य नसलेली नोंद, अशा चार गोष्टी ती शोधते आणि काही सापडले तरच पत्र पाठवते. चेक बंधनासारखी ती चूक रोखत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवते. पण अपग्रेडने कॉलम हलवला तर ती मुकाट्याने नाहीशी न होता त्रुटी देऊन ओरडते, आणि या ठिकाणी मला तेच अधिक मोलाचे वाटले.

लास्टनेमसाठी मात्र या क्वेरीत एकही ओळ नाही. तपासायचे तरी काय? माणसाचे आडनाव ‘चाचणी विभाग’ नाही आणि गटाचे नाव ‘कुलकर्णी’ असू शकत नाही, हे टेबलाला सांगता येणारे विधान नव्हे. त्या कॉलमाचा अर्थ शेजारचा टाइप वाचल्याशिवाय लागत नाही. मूळ टेबलापर्यंत पोहोचणारा पुढचा माणूस तो वाचेल की नाही हे त्याच्यावर आहे, म्हणून व्ह्यूच्या व्याख्येवर मी तशी टीप लिहून ठेवली आहे.